दोन आखूड, एक लांब

प्रत्येक थोर कलेच्या उगमाशी एक हात असतो, आणि तो हात कुणाचा, हे काळाला एक दिवस सांगावंच लागतं.

वाक्य माझं नाही. नागावला एका नारळाच्या वाडीत, दोन माडांच्या मध्ये ताणलेल्या कापडी फलकावर ते छापलेलं होतं. त्याखाली जरा लहान अक्षरांत ‘स्क्रॅचच्या सुवर्णयुगाला मानवंदना’ आणि त्याहून लहान अक्षरांत ‘वाहनं कुंपणाबाहेर लावावीत’. वाऱ्यानं फलक फाटू नये म्हणून त्याला भोकं पाडली होती; एक भोक नेमकं ‘काळा’च्या पोटात आलं होतं. मी अलिबागला वकिली करते. हात कुणाचा, हा प्रश्न आमच्याकडे रोज असतो, आणि काळ त्याचं उत्तर देत नाही, पुढची तारीख देतो. त्यामुळे मी ते वाक्य वाचलं आणि बसायला खुर्ची शोधली.

संध्याकाळपर्यंत ते वाक्य खरं निघालं. मी अजून त्यातून सावरलेले नाही.

थंडी पडली की श्रीवर्धनला आमच्या अंगणात सुपारी वाळत पडते. सालासकटच्या, ओल्या, केशरी सुपाऱ्यांचा थर. दिवस जातील तसा केशरीचा पिवळा होतो, पिवळ्याचा मातकट. वास आंबूस, थोडा भिजलेल्या काथ्यासारखा, थोडा बरेच दिवस न उघडलेल्या कपाटासारखा. ही सुपारी अधूनमधून परतावी लागते. त्यासाठी अनवाणी पाय थरात घालायचे आणि घासत चालायचं. खर्रर. थांबायचं, वळायचं. खर्रर. या वर्षी गावी गेले, बॅग ओसरीवर टाकली, चपला काढल्या आणि थरात पाय घातला. पहिल्याच खर्ररला मी कॉलेजात जाऊन पोचले.

या आवाजानं मला कोकण आठवतं, असं लिहायला हवं. मला न्यूयॉर्क आठवतं. तिथे मी कधी गेलेले नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शेजारच्या सलीमचे मामू जहाजावर कामाला होते. त्या थंडीत ते रजेवर आले ते एक रेकॉर्ड प्लेअर आणि एक तबकडी घेऊन. दुसऱ्या दिवशी ते मुंबईला निघणार होते आणि तबकडी तिथे कुणाला तरी द्यायची होती. म्हणजे ती आमच्याकडे एकदाच वाजणार होती, आणि त्याच वेळी कॅसेटवर उतरवून घ्यायची होती. आमच्या ओसरीवर प्लग एकच. त्यात प्लेअर लावला. टेपरेकॉर्डर सेलवर. दोघांच्या मध्ये एक तार. माझा चुलतभाऊ हेमू, सलीम आणि मी, तिघं जमिनीवर. दुपारची वेळ, घरातली मोठी माणसं वाडीत किंवा झोपलेली. मामूंनी सुई ठेवली.

थोडा वेळ ताल चालला आणि मग कुणीतरी फाटकं कापड आणखी फाडावं तसा आवाज आला. मग बदक. मग पुन्हा कापड.

“मामू, सुई घसरतेय,” सलीम म्हणाला.

“घसरत न्हाय. तो हातानं करतोय.”

“कोण?”

“ज्यानं वाजवलंय तो. चालत्या तबकडीवर हात ठेवतो नि मागं-पुढं ओढतो. दुसऱ्या हातानं आवाज कापतो. न्यूयॉर्कला स्क्रॅच म्हणतात त्याला.”

“मुद्दाम?” हेमूनं विचारलं.

“मुद्दाम.”

त्या ‘मुद्दाम’चा धक्का आज कुणाला समजावून सांगता येणार नाही. आमच्या घरात तबकडी ही वस्तू नव्हती. हेमूचे वडील, म्हणजे माझे काका, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, शाळेत इतिहास शिकवत आणि घरी नाट्यसंगीत ऐकत. तबकडी पाकिटातून काढायची ती दोन तळव्यांत कडेनं धरून. मग मलमलीचं फडकं, तेही एकाच दिशेनं. आम्ही पोरं त्या वेळी श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडत असू. आणि इथे जगाच्या पाठीवर कुठेतरी एक माणूस त्याच तबकडीवर पंजा ठेवून ती उलटी ओढत होता, लोक त्याला टाळ्या देत होते, आणि ते ऐकायला विलक्षण चांगलं होतं. तिन्ही गोष्टी एकदम पचणं कठीण होतं.

त्या कॅसेटमध्ये शेवटाकडे एक जागा होती. सगळं जोरात चाललेलं असताना अख्खं संगीत एकदम खाली बसायचं, आवंढा गिळल्यासारखं, आणि लगेच वर यायचं. पुन्हा तसंच. आणि मग तिसऱ्यांदा खूप खोल, खूप सावकाश, आता संपलंच असं वाटेपर्यंत. आणि तिथून ते पुन्हा उठायचं. दोन आखूड, एक लांब. हेमूनं त्याला नाव दिलं, गचका. मामू गेले, तबकडी गेली, प्लेअर तेवढा मागे राहिला, आणि हेमूनं ठरवलं की आयुष्यात गचका काढायचा.

एक प्लेअर मामूंचा, दुसरा आबांचा. तबकड्या अर्थातच आबांच्या. हेमूनं पहिली चढवली, पंजा ठेवला, मागे ओढला, आणि दारात आबा उभे होते.

आबा ओरडले नाहीत. ते इतके हादरले होते की त्यांचा आवाज बारीक झाला. “अरे, गळा आहे तो,” ते म्हणाले. “माणसाचा गळा आहे. गळा धरून मागे ओढतोस?”

तबकड्यांच्या कपाटाला कुलूप लागलं. एकच बाहेर राहिली, कारण तिला आबा तबकडी मानतच नव्हते. कुठल्याशा खतवाल्यांनी कधीकाळी फुकट वाटलेली होती ती. त्यात एक भारदस्त गृहस्थ ‘शेतकरी बंधूंनो’ अशी हाक मारून नत्राचे फायदे सांगायचे. हेमू त्या गृहस्थांवर तुटून पडला. तबकडी घसरावी म्हणून तिच्याखाली मऊ कापडाची चकती लागते. हेमूनं पोफळीची विरी, झावळीच्या बुडाशी असतं ते कातड्यासारखं आवरण, पाटाखाली दाबून सपाट केली आणि गोल कापली. मग सबंध हंगाम आमच्या ओसरीवरून ‘शे-शे-शेतकरी, बं-बंधू-बंधूंनो’ असं चाललेलं. बाहेर अंगणात माझे पाय सुपारीत. खर्रर, बंधू, खर्रर. वाडीत पोफळीवरून सुपारी उतरवणारा गडी वरूनच विचारायचा, “मास्तर, यो बाबा अडकलाय काय?” आणि आबा खालून उत्तर द्यायचे, “बाबा नाही अडकला. आमचं पोर अडकलंय.”

हंगामाची अशी तुकड्या-तुकड्यांनी आठवण येते. दुपारी जेवणं झाली की आबांची पाण्याची वेळ. विहिरीवरचा पंप चालू झाला की देवघरातला बल्ब क्षणभर पिवळा पडायचा, देव जरा म्हातारे दिसायचे आणि परत तरुण व्हायचे. मग पाटानं पाणी पोफळींच्या बुंध्यांशी जायचं आणि ओल्या मातीचा गारवा ओसरीपर्यंत यायचा. हेमूच्या बोटांना विरीचा डाग. कॅसेट मागे घेताना होणारी चिवचिव. गचका ऐकायचा, मागे घ्यायचा, परत ऐकायचा. दोन आखूड जमले. लांब जमेना. “काहीतरी राहतंय,” हेमू म्हणायचा. काय, ते त्याला कळत नव्हतं. हंगामाच्या शेवटी जवळजवळ जमला, आणि पुढची पंचवीसेक वर्षं तो जवळजवळच राहिला.

या काळात आम्ही सगळे पोटाला लागलो. सलीमही जहाजावर गेला. हेमूचा साउंडचा धंदा आहे. मुरुडपासून रेवदंड्यापर्यंत हळदीला त्याचे स्पीकर लागतात. त्याला लोक डीजे म्हणतात. तो लॅपटॉपचं बटण दाबतो आणि खुर्चीवर बसून शेंगदाणे खातो. “तबकडी ओढली तर नवरीकडचे मला ओढतील,” असं तो म्हणतो. पण घरी दोन टर्नटेबल आहेत, आणि त्याचं गचक्याचं चित्रण एकदा सलीमनं कुठेतरी टाकलं, ते फिरत फिरत जुन्या स्क्रॅचप्रेमींच्या हाती लागलं.

हे लोक असतात याचाच मला धक्का होता. पन्नाशीला टेकलेले, चष्म्याचे, साखर तपासणारे लोक, आणि ‘तो काळ’ म्हणताना त्यांचा आवाज कापतो. फेडरच्या, म्हणजे आवाज कापायच्या सरकत्या बटणाच्या, जुन्या खटक्याबद्दल ते असं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी जवळचं गेलंय. मूळ तबकडी त्यांनी फार शोधली. ती कुणाला माहीत नव्हती, इंटरनेटवर सापडली नाही, आणि न सापडल्यामुळे तिची थोरवी वाढत गेली. गचक्यावर त्यांच्यात मतं पडली. एकाच्या मते तो समुद्र होता. दुसऱ्याच्या मते ते तीन हुंदके होते, आणि तिसरा हुंदका एका सबंध वस्तीचा होता.

हेमू यातलं काही बोलायचा नाही. तो फक्त मूळ जपायचा. त्याची मुलगी मुक्ता कॉलेजात आहे आणि तिचा हात बापापेक्षा हलका आहे. नागावच्या कार्यक्रमात गचका तीच वाजवणार होती. तिला लांब गचक्याच्या शेवटी स्वतःची एक गिरकी घालायची होती. हेमूनं महिनोन् महिने घालू दिली नाही. “मुळात आहे तसंच,” एवढं एकच वाक्य. त्यावरून घरात अबोलाही झाला होता. आणि कार्यक्रम ठरला होता तो असा: आधी मूळ तबकडी, कारण सलीमला ती अखेर परदेशात एका बंदराजवळच्या जुन्या दुकानात मिळाली होती, आणि लगेच त्यानंतर श्रीवर्धनचा गचका.

सलीमनं ती दुपारी आणली. वाडीतल्या घराच्या पडवीत आम्ही चौघंच होतो. हेमू, सलीम, मुक्ता आणि मी. बाहेर खुर्च्या मांडणं चाललं होतं. हेमूनं तबकडी दोन तळव्यांत कडेनं धरली. खिशातून फडकं काढलं आणि एकाच दिशेनं पुसली. आबांचा हात मी तेव्हाच ओळखला.

सुई ठेवली. ताल, कापड, बदक. हेमूचे डोळे मिटलेले. शेवटाकडची ती जागा आली.

आणि गेली.

काहीही झालं नाही. संगीत बसलं नाही, उठलं नाही. सरळ, हसतखेळत पुढे गेलं आणि तबकडी संपली.

“मागे घे,” हेमू म्हणाला. पुन्हा तेच. “दुसरी बाजू लाव.” दुसऱ्या बाजूला वेगळंच होतं. “सलीम, ही ती नाही.”

“तीच आहे रे. पाकिटावरचा कुत्रा बघ. मामू म्हणायचे, आमच्या मोत्यासारखा दिसतो.”

कुत्रा खरोखरच मोत्यासारखा होता. हेमू खाली बसला, खुर्ची असून जमिनीवर. मी माझ्या धंद्यात निकाल ऐकणारी तोंडं पुष्कळ पाहिली आहेत. असं पाहिलं नव्हतं. ज्या गोष्टीसाठी माणसानं हात झिजवले आणि पोरीशी वैर घेतलं, ती गोष्ट नव्हतीच. आणि दोन तासांनी ती नव्हती हे शंभर तज्ज्ञांसमोर वाजणार होतं.

“मग तुमच्या कॅसेटवर आली कुठून?” मुक्तानं विचारलं.

मी वकिलासारखी उलटतपासणी सुरू केली. प्लेअर कशावर? विजेवर. टेप? सेलवर. म्हणजे प्लेअर हळू झाला तर टेप होता त्याच वेगानं सगळं उतरवून घेणार. प्लेअर हळू का होईल? वीज खाली गेली तर. वेळ? दुपार, जेवणानंतरची. आणि एवढं बोलून मीच थांबले, कारण माझ्या डोळ्यांसमोर देवघरातला बल्ब पिवळा पडला.

“हेमू,” मी म्हटलं, “आबांना फोन लाव.”

त्यानं लावला आणि स्पीकरवर ठेवला. आबा आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत आणि फोनवर वर्गात बोलावं तसे बोलतात.

“आबा, आपला विहिरीवरचा जुना पंप एका झटक्यात चालू व्हायचा का हो?”

“कुठला एका झटक्यात! दोनदा नुसता घुम्म करायचा आणि बसायचा. तिसऱ्यांदा घ्यायचा. तोही रडतखडत. का? कोण चालवतंय?”

पंपाचा तो आवाज आम्हाला तेव्हाही ऐकू आलाच असणार. पण रोजचा आवाज कोण ऐकतं? आणि ज्या दिवशी तबकडीतून बदकं निघत होती, त्या दिवशी तीन आवंढे जास्त आले याचं कुणाला काय वाटणार होतं? मुंबईच्या माणसाला यंत्र बिघडल्याचं लगेच कळलं असतं. आम्ही विजेच्या अशा गचक्यांत लहानाचे मोठे झालो होतो. आम्हाला ती कला वाटली.

सलीमला हसू फुटलं. त्यानं ते खोकल्यात घातलं.

“कार्यक्रम नको,” हेमू म्हणाला. “मुक्ता, सामान भर.”

“का?”

“का काय? पंप आहे तो!”

“मग? मला तुम्ही इतके दिवस ओरडत होता, मुळात आहे तसंच, मुळात आहे तसंच. आता कुठे मूळ सापडलं, तर सामान भर?”

“चेष्टा नको.”

“चेष्टा नाही, बाबा.” ती फोनकडे वाकली. “आजोबा, तो तिसऱ्यांदा घ्यायचा तेव्हा नेमका कसा घ्यायचा?”

“कसा म्हणजे? घुम्म. घुम्म.” आणि पलीकडे शांतता. फोन बंद पडला असं आम्हाला वाटलं. मग आबांचा आवाज खालून वर आला, “घूंऽऽऽम.”

“मध्ये थांबलात का?”

“थांबायलाच लागायचं. दोनदा नाही घेतला की मी स्टार्टरवरचा हात काढायचो. लगेच दाबला तर फ्यूज जायचा. एक श्वास सोडायचा आणि मग दाबायचा.”

हेमूनं मान वर केली. “श्वास,” तो म्हणाला. “राहत होतं ते.” कॅसेटवर ती जागा होती; त्या जागी संगीत पुरं वर येऊन जरा रेंगाळायचं. इतकी वर्षं हेमू ते रेंगाळणं घाईनं ओलांडून तिसऱ्यावर उडी घेत होता. ज्या माणसानं गळा धरला म्हणून कपाटाला कुलूप लावलं, त्याच्याच हाताची नक्कल करण्यात या पोराचं आयुष्य गेलं होतं, आणि दोघांनाही पत्ता नव्हता. मी असल्या योगायोगांवर विश्वास ठेवत नाही. समोर घडला तेव्हा मला पाणी प्यावं लागलं.

“आबा, तुम्ही फोन ठेवू नका,” हेमू म्हणाला.

“चार्जिंगला लावतो मग,” आबा म्हणाले.

उन्हं उतरताना कार्यक्रम सुरू झाला. निवेदक मुंबईहून बोटीनं आले होते आणि त्यांनी गळ्यात उपरणं घेतलं होतं. स्क्रॅचचा उपरण्याशी काय संबंध, हे मला कळलं नाही. ते सुवर्णयुगावर बोलले, वेदनेवर बोलले, आता आपण उगमापाशी जाणार आहोत म्हणाले. तबकडी लागली. लोकांनी माना खाली घातल्या. ती जागा आली आणि गेली. माना हळूहळू वर झाल्या. कुणीतरी शेजाऱ्याला काहीतरी कुजबुजलं. निवेदकांचं उपरणं एका बाजूनं घसरलं.

हेमू उठला. त्यानं माईक घेतला आणि जन्मात पहिल्यांदा हळदीच्या सूचनांव्यतिरिक्त काहीतरी बोलला. “ह्यात गचका नाही. मला वाटायचं, आहे. माझं चुकलं. गचका आमच्या घरचा आहे. मुलगी वाजवील.” आणि जाता जाता तिला म्हणाला, “गिरकी घाल.”

मुक्तानं खतवाल्यांची तबकडी चढवली. खाली विरीची तीच जुनी चकती. भारदस्त गृहस्थांनी हाक मारली. ‘शेतकरी बंधूंनो.’ तिनं त्यांना तालात नाचवलं, फाडलं, शिवलं, आणि मग बोटं टेकवली. बंधू खाली बसले, वर आले. पुन्हा बसले, वर आले. ती थांबली. माझ्याशेजारी हेमूचा अंगठा हवेत उचललेला होता. त्यानं एक श्वास सोडला आणि अंगठा दाबला, आणि मुक्ताच्या हाताखाली तो आवाज विहिरीत उतरावा तसा खाली, खाली गेला, तळाला टेकला आणि गिरकी घेत वर आला.

“घेतला,” हेमूच्या शर्टाच्या खिशातून आबा म्हणाले. “आता पाट बघा.”

लोक उभे राहिले. चष्मे काढून डोळे पुसणारेही होते. तो विराम, तो विराम, असं निवेदक म्हणत होते. मग त्यांनी फलकाकडे एकदा पाहून हेमूच्या हातात पुन्हा माईक दिला. हा गचका मुळात कुणाच्या हातचा, असं त्यांनी अत्यंत आदरानं विचारलं.

“वडिलांच्या,” हेमू म्हणाला.

पुन्हा टाळ्या. निवेदकांना भरून आलं होतं. वडिलांचं वाद्य कोणतं, त्यांनी विचारलं.

हेमू खोटं बोलत नाही. त्यानं सांगितलं.

पंप तीन हॉर्सपॉवरचा होता.